सॉर्ट केलेल्या लिंक्ड लिस्टवर बायनरी सर्च का नको?

एसवाय_सीएस: सरांनी सांगितलं, लिंक्ड लिस्टवर बायनरी सर्च करू नका. पण क्रम तर लागलेला आहे ना? मग अडतं कुठे?

पॉइंटरवाला: बायनरी सर्च म्हणजे दर वेळी मधला घटक बघून नको तो अर्धा भाग सोडून देणं. त्या मधल्या घटकापर्यंत पोचण्यात अडतं. ॲरेचे घटक मेमरीत एकाला एक लागून असतात. सुरुवातीचा पत्ता १००० आणि प्रत्येक इंट ४ बाइटचा असेल, तर इंडेक्स ५०० चा पत्ता १००० + ५०० × ४, म्हणजे ३०००. एक गुणाकार, एक बेरीज, काम झालं. लिस्टमध्ये मात्र प्रत्येक नोडला, म्हणजे घटकाला, फक्त पुढच्याचा पत्ता (पॉइंटर) ठाऊक. मधला हवा तर हेडपासून, म्हणजे पहिल्या नोडपासून, एकेक पॉइंटर धरत जायचं. १० लाख घटक असतील तर तुलना दोन्हीकडे फार तर २०च, पण लिस्टमध्ये आधी ५ लाख नोड ओलांडायचे, मग अडीच लाख, मग सव्वा लाख... बेरीज जवळपास १० लाखांवर जाते. हे कागदावर एकदा मांडून बघच, पाठ करावं लागणार नाही.

एसवाय_सीएस: आता कळलं! पण मधेच घटक घालायचे असतील तर? ॲरेत सगळे सरकवावे लागतात.

पॉइंटरवाला: प्रश्न अगदी योग्य. त्यासाठी बॅलन्स्ड ट्री (फांद्यांची उंची साधारण सारखी ठेवणारी झाडासारखी रचना) आहे, नाहीतर स्किप लिस्ट. लिस्टवरच लांब उड्या मारणाऱ्या पॉइंटरांचे थर चढवायचे, ही विल्यम प्यू यांची कल्पना. त्यांचा पेपर १९९० चा आहे. मला ही रचना फार आवडते, कारण कोड छोटा राहतो.

रात्रपाळी: रेडिस या डेटाबेसमधले मोठे सॉर्टेड सेट (क्रमाने ठेवलेले संच) स्किप लिस्ट वापरतात. सोर्स खुला आहे, जरूर वाच.