मदत हवी आहे: एचपीसीच्या घट्ट द्रावणातले बुडबुडे कसे घालवावेत?

आठवीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनात रंगद्रव्याशिवायचा रंग दाखवायचाय. मोरपीस आहेच, पण बोटाने दाबल्यावर रंग बदलला तर खरी मजा! म्हणून हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, म्हणजे एचपीसी (सेल्युलोजपासून बनवलेली, पाण्यात विरघळणारी पूड), वापरतोय. आफ्रिकेतल्या पोलिया कंडेन्साटा या वनस्पतीच्या निळ्या फळात सेल्युलोजचे तंतू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात. दाट द्रावणात एचपीसीचे रेणूही तसेच रचले जातात. कोणता रंग परावर्तित होणार हे एका पूर्ण वळणाच्या अंतरावर ठरतं; दाबलं की ते अंतर घटतं आणि रंग निळ्याकडे सरकतो.

प्रमाण वजनाने साधारण ६५ टक्के एचपीसी, बाकी डिस्टिल्ड वॉटर. दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून मागे काळा कागद धरला की कडेला सुरेख हिरवा दिसतो, पण मध्यभाग बारीक बुडबुड्यांमुळे दुधाळच. बरणी झाकून बरेच दिवस ठेवली, बुडबुडे जागचे हलत नाहीत. गरम पाण्यात ठेवली तर सगळंच पांढरंफटक, थंड झाल्यावर पुन्हा पूर्ववत. ४०-४५ अंशांच्या आसपास एचपीसी पाण्यातून वेगळं होतं, त्यामुळे कृपया 'तापवून बघा' सुचवू नका. पातळ करून आटवलं तर वर साय धरते.

सेंट्रिफ्यूज, व्हॅक्यूम पंप दोन्ही नाहीत. मुलं हाताळणार, त्यामुळे पाण्याशिवाय दुसरा द्रावक नको.

मोठ्या सिरिंजचं तोंड बंद करून दट्ट्या ओढला, तर एवढ्या घट्ट द्रावणातून हवा निघेल का? आणि डब्यावर ग्रेड (म्हणजे कोणत्या रेणुभाराचं एचपीसी ते) लिहिलेली नाही. नवीन मागवताना विक्रेत्याला रेणुभार किती सांगायचा?