ट्रायम्फ स्टॅगमधलं रोव्हरचं इंजिन उतरवून मूळ इंजिन परत बसवावं का?

कॉव्हेंट्रीकर

मंडळी, एका गाडीबद्दल मतं हवी आहेत. माझं मत बनलेलं आहे, पण पाना हातात घेण्याआधी विरुद्ध बाजू नीट ऐकायची आहे.

उन्हाळ्यात १९७३ ची ट्रायम्फ स्टॅग घेतली. चौघांची, उघड्या टपाची, डोक्यावर टी आकाराची पोलादी कमान, डिझाइन जोव्हानी मिकेलोत्तीचं. १९७० ते १९७७ या काळात आमच्या इथे, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत, अशा २५,८७७ गाड्या बनल्या. मूळ इंजिन २,९९७ सीसीचं व्ही-एट (व्ही आकारात आठ सिलिंडर), १४५ हॉर्सपॉवरचं. ट्रायम्फने ते दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसवलं नाही. हे इंजिन तापण्यासाठी बदनाम झालं. ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट उडायचं, व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन सैल पडायची, चेन सुटली की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर. म्हणून कितीतरी मालकांनी ते उतरवून रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट, फोर्डचं व्ही-सिक्स, नाहीतर ट्रायम्फचंच अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन टाकलं. माझ्या गाडीत १९८६ पासून रोव्हर आहे आणि ठणठणीत आहे.

पण त्या वेळच्या मालकाने मूळ इंजिन भंगारात घातलं नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं आणि ते गाडीबरोबर माझ्याकडे आलं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींचा दाखला, मागवलं. त्यावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर एकच निघाला.

मला ते परत बसवायचं आहे. ज्या दोषांपायी हे इंजिन काढलं गेलं ते इंजिनाच्या कल्पनेतले नव्हते, बनवणाऱ्यांच्या हलगर्जीपणातले आणि सांभाळणाऱ्यांच्या अज्ञानातले होते. कास्टिंगची (ओतकामाच्या साच्याची) वाळू ब्लॉकमध्ये तशीच राहिलेली, लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमची हेड असूनही लोक रेडिएटरमध्ये गंज रोखणारं अँटीफ्रीझ न घालता नुसतं नळाचं पाणी भरायचे, चेन कधी बदलायची हे कोणाला ठाऊक नव्हतं. आज यातलं सगळं कळलेलं आहे आणि सुटे भाग मिळतात. मग ज्या कारणाने ते उतरलं ते कारणच उरलेलं नसताना गाडी परक्या इंजिनावर का चालवायची?

पाना_दहाबारा

असहमत. चालत्या गाडीचं इंजिन उतरवायला फार भक्कम कारण लागतं, आणि नंबर जुळणं हे तसं कारण नाही.

"परकं" हा शब्द मला खटकला. रोव्हरचं हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि १९६७ मध्ये स्वतःच्या गाडीत आणलं. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड तयार झाली तेव्हा रोव्हर आणि ट्रायम्फ एकाच छपराखाली होत्या. म्हणजे स्टॅग बाजारात यायच्या दोन वर्षं आधी कंपनीकडे ३,५२८ सीसीचं, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं, पारखून घेतलेलं व्ही-एट तयार होतं. ते घेतलं नाही, स्वतःचंच रेटलं. १९७३ मध्ये त्याच कंपनीने एमजीबी जीटी या गाडीत रोव्हर बसवलं. पुढे टीआर८ या गाडीत तर खुद्द ट्रायम्फने बसवलं. १९८६ मध्ये तुमच्या गाडीत जे झालं ते कारखान्याने १९७० मध्येच करायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय गाडीचं नाक हलकं होतं, ताकद वाढते, सुटे भाग ढिगाने मिळतात. ऑगस्टमध्ये मोटरवेवर तासभर ट्रॅफिकमध्ये उभं राहिलात तरी तापमानाच्या काट्याकडे बघावं लागत नाही. गाडी चालवायला घेतलीत ना?

हेराल्डवाला_मिरज

पाना यांना +१, पण माझं कारण वेगळं आहे.

मिकेलोत्तीचं नाव वाचून बरं वाटलं. आमच्या घरी स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली, तीही मूळ ट्रायम्फची आणि त्याच माणसाने आखलेली. त्या काळी आमच्या भागात इंजिन बदलणं म्हणजे पाप वगैरे कोणी मानत नव्हतं. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी ॲम्बॅसेडरमध्ये मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन टाकलं आणि त्या गाड्यांनी पुढे लग्नाची वऱ्हाडं नेली, पेशंट मिशन हॉस्पिटलला पोचवले. ज्यांनी मूळ इंजिनाचा आग्रह धरला त्यांच्या गाड्या स्पेअरची वाट बघत गोठ्यात कुजल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी रस्त्यावर राहिली ती इंजिन बदलणाऱ्या मिस्त्रीमुळे. त्याच्या कामाला कमी लेखू नका, एवढंच म्हणणं.

कॉव्हेंट्रीकर

काका, त्या मिस्त्रीबद्दल मला आदरच आहे. १९८६ मध्ये ज्याने रोव्हर बसवलं त्याच्यामुळेच ही गाडी भंगारात गेली नाही, हे मान्य. पण ॲम्बॅसेडरवाल्यांची गरज पोटापाण्याची होती. स्टॅग मी रविवारी काढणार. माझ्यावर तशी कुठली गरज नाही, म्हणून मला निवड करता येते.

आणि पाना, कारखान्याने काय करायला हवं होतं हा वेगळा वाद. हे इंजिन ट्रायम्फने १९६० च्या दशकात मोठा विचार करून आखलं होतं. चार सिलिंडरचं एका कुशीवर कललेलं इंजिन आणि त्याचीच दोन अर्धुकं जोडून व्ही-एट, म्हणजे एकाच यंत्रसामग्रीवर दोन्ही. त्यातलं चार सिलिंडरचं स्वीडनच्या साबने आपल्या '९९' या गाडीत घेतलं. रोव्हर लेलँडमध्ये आली १९६७ साली, तोवर ट्रायम्फचं काम बरंच पुढे गेलं होतं. हट्ट होता, पण तो रिकामा नव्हता.

मशीनशॉप_भोसरी

धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण त्यांचं एक विधान मला मान्य नाही. "दोष कल्पनेतले नव्हते" हे पूर्ण खरं नाही. वॉटर पंप कुठे आहे बघा. व्हीच्या मधोमध, वर. तो जॅकशाफ्ट नावाच्या मधल्या दांड्यावर गिअरने चालतो. पाणी थोडं कमी झालं की सगळ्यात आधी पंपच कोरडा पडतो. मग पाणी फिरत नाही, आणि ड्रायव्हरला कळेपर्यंत हेड वाकलेलं असतं. ही आखणीतली चूक आहे, कामगाराच्या माथी मारू नका. तीच गोष्ट हेड ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या स्टडची. काही बोल्ट सरळ आणि बाकीचे स्टड तिरके. गंज चढला की तिरक्या स्टडवर हेड असं आवळून बसतं की सरळ वर उचलताच येत नाही.

वाळूबद्दल मात्र तुमचं बरोबर. युकेमध्ये चार वर्षं होतो तेव्हा एका मित्राच्या स्टॅगचं इंजिन खोलायला मदत केली होती. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (ओतकामाची भोकं बंद करणाऱ्या चकत्या) काढले आणि आत वाकडी तार घातली. आधी काहीच आलं नाही, तार दोन बोटं जाऊन अडली. खरवडत राहिलो तसा काळा, घट्ट गाळ यायला लागला. चिमटीत घेतला तर मऊ गंजात कणकण लागत होते. मागच्या दोन सिलिंडरभोवती पाण्याची वाट जवळजवळ बंद होती. त्या गाडीला नवा रेडिएटर, नवा पंप, थर्मोस्टॅट, सगळं घालून झालं होतं आणि तरी ती तापायची. ब्लॉक केमिकलच्या टाकीत बुडवून साफ करून आणला, रेडिएटरला मोठा कोअर बसवला, आणि काटा मधोमध थांबला. वर्षानुवर्षं लोक वरवरचे भाग बदलत राहिले आणि इंजिनाला शिव्या घालत राहिले, कारण ब्लॉकच्या आत कोणी बघितलंच नाही.

थोडक्यात, चूक आखणीचीही होती आणि कामाचीही. पण दोन्हींवर आज उपाय आहे.

नीलिमा_लेस्टर

माझ्याकडे मूळ इंजिनाची स्टॅग आहे, मीच चालवते. पीक डिस्ट्रिक्टच्या चढांवर नेते, वेल्सला नेते. पंचवीस-तीस हजार मैलांना चेन बदलायच्या, अँटीफ्रीझ बारा महिने ठेवायचं, तेल वेळेवर. आणि गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघायची, दर वेळी. यापलीकडे तिची काही मागणी नाही.

आता आवाजाबद्दल लिहिते, कारण वर कोणीच लिहिलं नाही. रोव्हरचा आवाज चांगला आहे, पण तो रेंज रोव्हरमध्ये ऐकला, रोव्हरच्या एसडी१ मध्ये ऐकला, मॉर्गनमध्येही ऐकला. स्टॅगचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) फक्त ६४.५ मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६. त्यामुळे ती मोकळेपणाने वर फिरते, आणि खाली घरघरणारा खर्ज वर जाताना सुरेल होत जातो. तो आवाज फक्त याच गाडीत मिळतो, कारण ते इंजिनच फक्त याच गाडीत होतं. मूळ इंजिन टिकवण्याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण हेच. रोव्हरची हजारो इंजिनं राहतील. हे जिथे जिथे उतरलं तिथे ते जगातून कमी झालं.

पाना_दहाबारा

नीलिमाताई, आवाजाचा मुद्दा मान्य करतो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण "मूळ" म्हणजे नक्की कुठलं वर्ष? ही गाडी मूळ इंजिनावर तेरा वर्षं चालली आणि रोव्हरवर त्याच्या जवळजवळ तिप्पट काळ. एवढी वर्षं जे इंजिन गाडी ओढतंय ते गाडीच्या इतिहासात नाही असं कसं म्हणणार? जुनी गाडी म्हणजे तिच्यावर काय काय झालं त्याचीही नोंद. १९७३ च्या कॅटलॉगसारखी करायला निघालात तर ही नोंद पुसली जाईल. रोव्हरची अदलाबदल ही स्टॅगच्या कहाणीचा भाग आहे आणि तशा जुन्या, नीट केलेल्या गाड्याही आता कमी होत चालल्यात, कारण जो तो मूळच्या मागे लागलाय. किंमत मूळ इंजिनवाल्या गाडीला जास्त येते, म्हणून.

कॉव्हेंट्रीकर

किमतीसाठी करत नाहीये, गाडी विकायची नाही. इतिहासाचा मुद्दा मात्र मनाला लागला. पण मग ताडपत्रीखालचं इंजिन हाही त्याच इतिहासाचा भाग. १९८६ च्या मालकाने ते ऑइल लावून, प्लगची भोकं बंद करून, लाकडी पाटावर ठेवलं होतं. टाकून द्यायच्या वस्तूची एवढी निगा कोणी राखत नाही. त्याने परतीची वाट मुद्दाम उघडी ठेवली, असंच मी धरतो.

सॉलिहलचा_संजय

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून. २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, अट एवढीच की गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. तुमचा बदल १९८६ चा, म्हणजे त्याबाहेरचा, आणि मूळ इंजिन परत येणार असेल तर तिथेही अडचण दिसत नाही. इंजिन नंबर बदलला की डीव्हीएलएला (वाहन नोंदणी खात्याला) कळवून लॉगबुक, म्हणजे नोंदणीपत्र, दुरुस्त करून घ्या. सक्ती नसली तरी काम झाल्यावर एकदा एमओटी करूनच घ्या, असं मी म्हणेन.

मशीनशॉप_भोसरी

एक क्रम सुचवतो. गाडीला आत्ता हात लावू नका, रोव्हरवर चालू दे. मूळ इंजिन स्टँडवर घ्या. हेड काढायला घाई नको. स्टडभोवती पेनिट्रेटिंग ऑइल रोज घालत राहा, पहारीने उचकटायला गेलात तर हेड कामातून जाईल. हेड निघाल्यावर आधी जॅकशाफ्टचे आणि पंपाचे दात बघा. मग कोअर प्लग काढून ब्लॉक साफ होईल का ते बघा. क्रँकची आणि सिलिंडरची मापं घ्या. पाण्याच्या बाजूने ब्लॉक फार खाल्लेला असेल, तर मी तुमच्या बाजूचा असूनही सांगेन की रोव्हरच राहू दे.

कॉव्हेंट्रीकर

हे पटलं. हिवाळ्यात इंजिन खोलतो, मापं इथेच लिहीन. ब्लॉक चांगला निघाला तर मूळ इंजिन बसणार, यावर ठाम आहे.

पाना_दहाबारा

मी माझ्या मतावर ठाम आहे. तरी बसवणारच असाल तर रोव्हरची माउंटिंग, एक्झॉस्ट, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं लेबल लावून एकत्र ठेवा, आणि बॉडीवर कुठेही कापाकापी करू नका. हेड निघाली की ब्लॉकच्या आतले फोटो टाका.