जुन्या सागाच्या तुळया चिरण्यासाठी बँडसॉला कोणते पाते घ्यावे?

नमस्कार. माझ्या बँडसॉचे (दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पट्ट्याच्या करवतीचे) पाते आता बदलावे लागणार आहे, पण नवे नेमके कोणते घ्यावे याबद्दल दुकानदार, ओळखीचे सुतार आणि यंत्राबरोबर आलेली पुस्तिका यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून प्रश्न सविस्तर मांडतो. ज्यांनी जुने सागवान प्रत्यक्ष चिरले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्र १४ इंची चाकांचे, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे आणि एक अश्वशक्तीच्या मोटरीचे आहे. पात्याला आधार देणाऱ्या गाइडखालून जास्तीत जास्त ६ इंच उंचीचे लाकूड जाते. पात्याची लांबी ९३.५ इंच. वरचे चाक ताणाच्या मधल्या स्थितीत ठेवून दोन्ही चाकांच्या केंद्रांमधले अंतर मोजले, तेव्हा ते पावणेपंचवीस इंच भरले. त्याच्या दुपटीत एका चाकाचा परीघ, म्हणजे सुमारे ४४ इंच, मिळवला की हीच लांबी येते. त्यामुळे लांबीबद्दल शंका नाही. शंका आहे ती रुंदी, दात आणि पोलाद या तीन गोष्टींबद्दल.

आता कामाविषयी. जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाडे उतरवले जातात, तेव्हा निघणाऱ्या सागाच्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या मी विकत घेतो आणि त्यांतून देव्हारे, चौरंग व पेट्या करतो. हे लाकूड पुरते मुरलेले असते, रेषा दाट असते आणि एकदा वाया गेले की तसेच दुसरे मिळत नाही. म्हणूनच तुळई वखारीत गोल करवतीवर न चिरता मी बँडसॉवर चिरतो. गोल करवत प्रत्येक कापाला तीन मिलिमीटरच्या आसपास लाकूड खाते, तर बँडसॉचे पातळ पाते साधारण सव्वा मिलिमीटरमध्ये भागवते. एका तुळईतून पेटीसाठी दहा पातळ फळ्या काढायच्या म्हटल्या, तर एवढ्या फरकाने दीड-दोन फळ्या जास्त निघतात.

सध्याचे पाते चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे पाते अर्धा इंच रुंद), साध्या कार्बन पोलादाचे आणि इंचाला ६ दात असलेले आहे. बारीक लाकडावर ते बरे चालते; पण ६ इंच उंचीच्या तुळईत घातले की काप मध्यभागी पोट काढतो. फळी वरच्या आणि खालच्या कडेला सरळ दिसते. मात्र तिच्यावर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिले की मध्ये दीड मिलिमीटरची फट दिसते. ताण वाढवून पाहिला, गाइड नव्याने लावले, फेन्सचा (लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीचा) कोन पात्याच्या ओढीप्रमाणे बदलला, तरी पोट पूर्णपणे गेले नाही. यंत्र थांबवून पाते पाहिले असता दातांमधल्या खाचा भुशाने गच्च भरलेल्या होत्या आणि सागाच्या तेलकटपणामुळे तो भुसा तिथेच चिकटून काळा पडला होता.

माझ्या समजुतीप्रमाणे खरे कारण इथेच आहे. लाकडात एका वेळी किमान तीन दात असावेत, सहा ते बारा असतील तर उत्तम, आणि चोवीसच्या पुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ६ इंच जाडीत इंचाला ६ दातांचे पाते घातले तर एकाच वेळी ३६ दात लाकडात असतात. भुसा बाहेर पडायला जागा नाही, म्हणून पाते तापते, ताण सोडते आणि वाट काढत आडवे सरकते. इंचाला ३ दात असतील तर हा आकडा १८ वर येतो आणि ४ असतील तर २४ वर. शिवाय हुक प्रकारचा दात पुढे झुकलेला असल्याने लाकडात स्वतःहून शिरतो, तर स्किप प्रकारचा दात सरळ असल्याने त्याला जास्त रेटावे लागते. एवढे पाहता इंचाला ३ दातांचे हुक पाते घ्यावे असे माझे मत बनले आहे. मात्र त्याच पात्यावर एक इंची फळी कापायची वेळ आली, तर लाकडात जेमतेम तीनच दात राहतात. अशा वेळी काप किती खडबडीत येतो आणि रंधा मारून तो निभावतो का, हे मला अनुभवी माणसाकडून ऐकायचे आहे.

रुंदीबाबत पुस्तिका सांगते की सहा सुती पातेही चालेल. मला ते पटत नाही. या आकाराच्या यंत्राची स्प्रिंग सहा सुती पात्याला हवा तेवढा ताण देऊ शकत नाही, आणि ताण कमी पडलेल्या रुंद पात्यापेक्षा नीट ताणलेले चार सुती पाते सरळ चालते. जाडीही ०.०२५ इंचाचीच ठेवावी असे वाटते, कारण ०.०३५ इंची पाते लहान चाकावर फेऱ्या मारताना सतत वाकून लवकर चिरा धरते.

सर्वांत अवघड प्रश्न पोलादाचा आहे. वाड्याच्या तुळयांत जुने घडीव खिळे असतात; बरेचसे मुंडी तुटून लाकडात बुडालेले असतात. मी तारेच्या ब्रशने चुना-माती साफ करतो, धातुशोधक फिरवतो आणि खिळ्याभोवती लाकूड काळवंडलेले दिसते, त्यावरूनही अंदाज घेतो. एवढे करूनही एखादा सुटतोच. त्यात सागात मुळातच सिलिका असल्याने साध्या कार्बन पोलादाची धार लवकर मरते. कार्बाइडच्या (अतिशय कठीण पण ठिसूळ पदार्थाच्या) दातांना सिलिकेचे काही वाटत नाही, पण खिळा लागला की ते दात तुटतात, आणि त्या पात्याची किंमत पाहता ती जोखीम मला परवडणारी नाही. राहिले बायमेटल (दोन प्रकारचे पोलाद जोडून केलेले), ज्याच्या दातांची धार कोबाल्टयुक्त एम-४२ हायस्पीड पोलादाची असते. ते खिळ्याचा एखादा घाव सोसेल आणि सागातही टिकेल, असा माझा कयास आहे.

अडचण अशी की नाशकात बायमेटल सहज मिळते ते धातू कापण्यासाठीचे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे इथे विक्रेते वेटोळ्यातून हव्या त्या लांबीचा पट्टा तोडून, त्याची टोके जोडून देतात, पण त्यातले बहुतेक २७ मिलिमीटर रुंद असतात. ते माझ्या यंत्रावर चढणारच नाहीत. एका विक्रेत्याने १३ मिलिमीटर रुंद आणि ०.६५ मिलिमीटर जाडीचे पाते दाखवले, मापाने ते अगदी योग्य होते, पण दात इंचाला १० ते १४. लाकडातही हेच चालते, असे त्याने ठामपणे सांगितले. वर दिलेल्या हिशेबाने ते ६ इंच सागात भुशाने लगेच कोंडेल असे मला वाटते, तरी कोणी वापरून पाहिले असेल तर जरूर सांगावे.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. १३ मिलिमीटर रुंदीत, इंचाला ३ किंवा ४ हुक दात असलेला बायमेटल पट्टा नाशकात कोणी तोडून जोडून देते का, की तो मुंबई-पुण्याहूनच मागवावा लागेल? जोड घालणाऱ्याकडून घेताना काय तपासावे? जोडावर बोट फिरवून उंचवटा लागतो का आणि मागची कड पट्टीला सरळ लागते का, एवढे मी पाहतो. जोडानंतर त्या जागी पुन्हा उष्णता देऊन ठिसूळपणा घालवला आहे की नाही, हे मात्र बाहेरून कसे ओळखावे? आणि एक अश्वशक्तीच्या मोटरीवर ६ इंच साग चिरताना बायमेटलला कार्बनपेक्षा किती जास्त ताण द्यावा लागतो?

देव्हाऱ्याच्या महिरपींसाठी वेगळे दोन सुती पाते माझ्याकडे आहे. चार सुती पाते अडीच इंचांहून कमी त्रिज्येत वळत नाही आणि दोन सुती पाते पाच सुतांपर्यंत वळते, त्यामुळे एकाच पात्यात दोन्ही कामे करण्याचा माझा आग्रह नाही. सल्ला हवा आहे तो फक्त चिरण्याच्या पात्याबद्दल. पुढची तुळई साडेपाच इंच चौरस आहे आणि नवे पाते येईपर्यंत मी तिला हात लावणार नाही.