सिमी: बंदरात की वरच्या गावात?
ग्रीसमधल्या सिमी बेटावर राहायचं कुठे, यावर "बंदरालगतच खोली घ्या, बोटीतून उतरलं की घर" असा एक सल्ला मिळतो, आणि तो एका रात्रीपुरता अगदी बरोबर आहे. पण चार-पाच दिवस असतील तर मी वरच्या गावात, होरिओत राहा असंच सांगेन. जवळच्या रोड्स बेटाहून दिवसभरासाठी येणाऱ्या बोटी यालोस बंदरात रिकाम्या झाल्या की दुपारी त्या परत जाईपर्यंत धक्क्यावर नुसती गर्दी. वर तेव्हाही शांत असतं, आणि संध्याकाळी फिकट पिवळ्या-गुलाबी घरांची अख्खी उतरंड खाली बंदरापर्यंत दिसते. ते बघत नुसतं बसून राहावं!

प्रश्न आहे तो बंदरातून वर होरिओत जाणाऱ्या काली स्त्राता या दगडी जिन्याचा. सुमारे ५०० पायऱ्या, कित्येक ठिकाणी पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. आम्ही जुलैत भर दुपारी बॅगा उचलून चढलो, आईचे गुडघे दोन दिवस सुजले होते. यालोसहून होरिओमार्गे पेदी गावाला छोटी बस जाते हे नंतर कळलं. त्यामुळे खोली ठरवण्याआधी मालकाला एवढं नक्की विचारा, बस थांब्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? जाहिरातीत नुसते मीटर लिहिलेले असतात, चढ नाही.