मधुमेह आणि हृदयरोग : घरातले अनुभव

मधुमेहाचे निदान झाले की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाची जखम यांविषयी डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही बजावून सांगतात. हृदयाचा विषय त्या मानाने उशिरा निघतो, आणि मधुमेही व्यक्तींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण मात्र हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे या विषयावर सांगण्यासारखे काहीतरी बहुतेक घरांत असणार.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि तिथे चरबीचा थर साचू लागतो. जोडीला रक्तदाब, वाढलेले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किंवा तंबाखू असेल, तर हे सगळे बरेच लवकर घडते. थर हृदयाच्या धमनीत साचला तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत साचला तर पक्षाघात होतो आणि पायात साचला तर चालताना पोटऱ्या भरून येतात. धमन्यांत मोठा अडथळा नसतानाही हृदयाचा स्नायू दुबळा किंवा ताठर होणे हा आणखी एक प्रकार आहे.

आपल्या बाबतीत पहिले लक्षण कोणते होते, निदान कशाने झाले आणि त्यानंतर नेमके काय बदलावे लागले, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. औषधांची नावे लिहिण्यास हरकत नाही. मात्र दुसऱ्याला मात्रा सुचवू नये. वाचकांकडून आलेले अनुभव खाली दिले आहेत; मधल्या तिरप्या अक्षरांतल्या टिपा माझ्या आहेत.

सातारा, मुलीने लिहिलेला अनुभव

आईला पंधराएक वर्षांपासून मधुमेह आहे. एका दुपारी तांदूळ निवडत असताना तिला एकाएकी इतका घाम फुटला की ब्लाउजची पाठ भिजली. छातीत दुखत नव्हते, हाताला कळ नव्हती. मळमळ आणि विलक्षण थकवा एवढेच होते. घाम आणि थकवा म्हटल्यावर साखर उतरली असणार, असे सर्वांना वाटले आणि कोणीतरी साखरेचे पाणी करायला उठलेसुद्धा. वहिनीने आधी ग्लुकोमीटर लावला, तर आकडा २१४ आला. साखर उतरलेली नाही आणि तरीही घाम थांबत नाही, हे पाहून तिने १०८ ला फोन केला. ईसीजीमध्ये झटका स्पष्ट दिसत होता. अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी मोकळी करणे, त्याच संध्याकाळी झाली.

दीर्घकाळच्या मधुमेहात वेदना वाहून नेणाऱ्या नसाही बधिर होतात, त्यामुळे झटका येऊनही छातीत दुखत नाही, किंवा पित्त झाल्यासारखे वाटून वेळ निघून जातो, असे डॉक्टरांनी सांगितले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या एका भागाला जुनी इजाही दिसली, म्हणजे याआधीचा एक झटका कोणाच्या लक्षातही आला नव्हता. घरात मधुमेही वयस्क व्यक्ती असेल, तर अकारण घाम, दम किंवा मळमळ यांकडे छातीतल्या दुखण्याइतक्याच गांभीर्याने पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पुणे, वय ४१, बँकेत नोकरी

माझा अनुभव झटक्याचा नाही, त्याच्या आधीच्या टप्प्याचा आहे. मी अंगाने सडपातळ आहे आणि ‘तुला कसला मधुमेह’ हे वाक्य मी कायम ऐकत आलो. विम्यासाठी केलेल्या तपासणीत एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.८ आले; ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २६० असे जास्त आणि चांगले कोलेस्टेरॉल ३१ असे कमी. वडिलांचे बायपास ते ५२ वर्षांचे असताना झाले होते. पुढे सीटी अँजिओग्राफीत (धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) हृदयाच्या धमनीच्या डाव्या मुख्य शाखेत मध्यम स्वरूपाचा थर दिसला.

माझ्या डॉक्टरांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयी सांगितले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे राहिलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी, तीही पोटात, अधिक असते; वजनाचा काटा ते दाखवत नाही. पुण्याजवळच्या गावांमधील गर्भवतींवर १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हीच ठेवण जन्मलेल्या बाळांतही दिसली. हे कळल्यावर मी वजनापेक्षा कंबर मोजू लागलो, कारण आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात आणि माझी कंबर ९४ होती. रात्रीचे जेवण साडेदहावरून आठवर आणले, डबा खाल्ल्यावर कार्यालयाच्या जिन्यांवरून चढउतार सुरू केली आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी चालू आहे.

*यात एवढी भर घालतो की २००४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा कमी वयात येतो, असे आढळले होते. त्यामुळे चाळिशीतल्या वाचकांनी हा अनुभव नीट वाचावा.*

सोलापूर, निवृत्त एसटी चालकाच्या मुलाने लिहिलेला अनुभव

वडिलांना बाजारापर्यंत चालत गेले की उजवी पोटरी भरून यायची. पाच मिनिटे उभे राहिले की कळ ओसरायची आणि पुन्हा तेवढ्याच अंतरावर सुरू व्हायची. शीर आखडली, कमरेतली नस दबली, असे म्हणत तेल चोळून आणि कमरेला पट्टा बांधून झाले. मग अंगठ्याच्या बाजूला चपलेने घासलेली जखम भरेना आणि बोट काळे पडू लागले. शल्यचिकित्सकांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर पायाच्या वरच्या बाजूला बोटे ठेवून नाडी शोधली. ती लागत नव्हती. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, ते ०.६ आले; ०.९ च्या खाली आले की पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजतात. पायाच्या धमनीत फुगा घालून ती मोकळी केली, एक बोट काढावे लागले, पाय वाचला.

त्याच मुक्कामात हृदयाचीही तपासणी झाली आणि तिथेही अडथळे निघाले. पायाच्या धमन्या बिघडलेल्या माणसाच्या हृदयाच्या धमन्या चांगल्या असतील, असे गृहीत धरत नाहीत, असे आम्हाला तेव्हा समजले. वडिलांची बिडी रुग्णालयातच सुटली. आईची मशेरी सुटायला अधिक काळ लागला, कारण ती लावल्याशिवाय तिला सकाळी बरे वाटत नसे आणि मशेरीलाही कोणी तंबाखू म्हणत नसे. आता दोघांचे पाय रोज रात्री दिव्याखाली तपासणे हे माझ्या पत्नीने स्वतःहून अंगावर घेतलेले काम आहे.

*मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचल्याने हे गुणोत्तर कधीकधी फसवे, म्हणजे खरे असते त्याहून जास्त येते. जखम भरत नसेल, तर केवळ चांगल्या आकड्यावर विसंबू नये.*

कोल्हापूर, परिचारिका

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मधुमेह नाही, ती तेलकट खात नाही, तरीही तिची हृदयाची झडप अरुंद झाली आहे, कारण लहानपणी घसा दुखून आलेल्या सांधेतापाने ती खराब झाली. तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. नातेवाईक तिला तूप सोडायला आणि चालायला सांगतात, तेव्हा आजारपणाचा दोष तिच्याच माथी मारला जातो. जन्मजात दोष आणि सांधेतापाने बिघडलेल्या झडपा यांचा रुग्णाच्या जीवनशैलीशी संबंध नाही, हे कृपया लक्षात ठेवावे.

ठाणे, भावाविषयी

भावाचे तोंड सकाळी एका बाजूला वाकडे झाले आणि शब्द अडखळू लागले. रुग्णालयात पहिला प्रश्न होता, तो शेवटचा ठीक असताना कोणी आणि किती वाजता पाहिला. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि ती वेळ तिथून मोजतात. वहिनीने त्याला सहा वाजता चहा दिला होता, म्हणून इंजेक्शन देता आले. नंतर त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे आढळले. अशा हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून तो आता रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो.

नागपूर, निवृत्त शिक्षक

माझ्या पत्नीला जिना चढताना दम लागे, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नसे आणि संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटत. अँजिओग्राफी चांगली आली आणि इकोमध्ये हृदयाची आकुंचनाची ताकदही ठीक होती, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो होतो. पुढे निदान झाले ते ताठर झालेल्या हृदयाचे : आकुंचन नीट होते, पण स्नायू सैल होऊन पुरेसे रक्त भरून घेत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलपणा एकत्र असलेल्या स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते.

तिला एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे हे मधुमेहाचे औषध हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी करते, असे २०१५ मध्ये दिसून आले आणि तेव्हापासून मधुमेहाच्या उपचारांचा विचारच बदलला. मार्च २०२५ मध्ये भारतातील पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या आमच्यासारख्या घराला हा मोठा दिलासा आहे. पत्नी रोज सकाळी वजन करून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी साचल्याचे लक्षण समजून आम्ही डॉक्टरांना कळवतो. लोणचे आणि पापड बंद आहेत, आणि भाजीतले मीठ मी मोजून घालतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), मुलीने लिहिलेला अनुभव

बाबांना स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यावर त्यांनी खाणे मनापासून बदलले. उपवासाचा साबुदाणा सोडून भगर थोडी आणि भाजी भरपूर, दोन वाट्या भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी, आणि जेवणानंतर गल्लीत फेऱ्या. एचबीए१सी ८.९ वरून ७.१ वर आले. साखर आटोक्यात आली, तर कोलेस्टेरॉलची गोळी कशाला, असे ते विचारू लागले आणि शेजारीही दुजोरा देत होते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले की स्टॅटिन ही साखरेची गोळी नाही आणि केवळ आकडा खाली आणण्यासाठीही ती दिलेली नाही. धमनीतला थर फुटू नये, यासाठी ती आहे. स्टेंटने एकच जागा उघडली आहे, बाकीच्या धमन्यांत तोच आजार पसरलेला आहे. मधुमेह आणि स्टेंट दोन्ही असलेल्यांचे एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचे असते. केवळ खाण्याच्या बदलाने बाबांचे ९८ पर्यंतच उतरले होते. पाय दुखतात अशी त्यांची तक्रार होती, तर गोळी बंद न करता प्रकार आणि मात्रा बदलून दिली. मागच्या तपासणीत ५२ आले. गोळी आणि फेऱ्या दोन्ही चालू आहेत.