निर्वासित बाईचे सोने कोणाच्या डोळ्यांवर येते?

करडई:
काल वाटसरू यांनी नैरोबीच्या विमानतळावरचा प्रसंग लिहिला. पुनर्वसनासाठी अमेरिकेला निघालेल्या सोमाली कुटुंबांच्या हातात स्थलांतर संघटनेच्या पांढऱ्या पिशव्या होत्या आणि बायकांच्या मनगटांवर पिवळ्याधमक बांगड्या होत्या. एवढ्यावरून त्यांनी निकाल दिला की, ‘अंगावर सोने घालून फिरणाऱ्यांना निर्वासित म्हणणे ही जगाची फसवणूक आहे.’ माझे उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

1991 च्या जानेवारीत सोमालियातली सियाद बारे यांची लष्करी राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर मध्यवर्ती बँकही बुडाली. पुढे कित्येक वर्षे सोमाली शिलिंगच्या नोटा, मागे कोणतीच बँक उभी नसताना, बाजारात फिरत राहिल्या आणि व्यापाऱ्यांनी परस्पर छापून आणलेल्या नोटाही त्यांत मिसळल्या. अशा देशातल्या बाईने चार पैसे कशात ठेवायला हवे होते, हे वाटसरूंनी सांगावे. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळायला हवा. पण उंट कुळाचे मानले जातात आणि रूढीपुढे तो निम्मा वाटाही बहुधा कळपातच राहतो. लग्नात मेहर म्हणून मिळालेले सोने मात्र तिचे एकटीचे असते. 1988 मध्ये उत्तरेतल्या हर्गेसा शहरावर सरकारच्याच विमानांनी बॉम्ब टाकले आणि माणसे इथिओपियाच्या सीमेकडे निघाली, तेव्हा घर पाठीवर घेता येत नव्हते, बांगडी घेता येत होती. तिला तुम्ही दागिना म्हणता. मी पासबुक म्हणते.

वाटसरू:
ताई, मी तीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले आहे. पासबुकात शिल्लक असेल तर ती मालमत्ताच धरतात, मग ते पासबुक मनगटावर का असेना. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी दोन फ्लॅट असताना मुलाची फी माफ करून घेतली आणि मी विचारले तर मलाच निर्दय ठरवले. मदत देणाऱ्याने आधी काय आहे ते विचारले तर त्यात क्रौर्य कसले? आपला लेख भावनेला हात घालतो, प्रश्नाला नाही.

नैरोबीकर:
मी बारा वर्षे इथे आहे आणि आठवड्यातून एकदा तरी कामासाठी ईस्टलीत, म्हणजे इथल्या सोमाली वस्तीत, जातो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. माझ्या ओळखीच्या एक बाई तिथे कापडाचा गाळा चालवतात आणि त्यांची बारा जणींची भिशी आहे. तिला त्या ‘अय्युतो’ म्हणतात. मदत या अर्थाचा इटालियन शब्द वसाहतीच्या काळात तिकडे गेला आणि राहिला. आपला हप्ता उचलला की त्या त्याच दिवशी सोन्याच्या दुकानात जातात. एकदा मीही बरोबर होतो. त्यांनी नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. काट्यावरचा आकडा पाहिला, ग्रॅमचा भाव विचारला, घडणावळीवर पंधरा मिनिटे घासाघीस केली आणि बांगडी रुमालाच्या टोकात बांधून ओढणीआड कमरेला खोचली. सहा महिन्यांनी गाळ्याचे भाडे थकले तेव्हा तीच बांगडी त्याच काट्यावर परत गेली.

दुसरी गोष्ट वाटसरूंसाठी. मनगटावर दिसते ते सगळे सोने नसते. ईस्टलीत मुलामा दिलेल्या बांगड्या ढिगाने मिळतात आणि लांबच्या प्रवासात शहाणी बाई खरे सोने सगळ्यांना दिसेल असे घालत नाही. आपण हिशेबतपासनीस आहात, पण काटा बरोबर नेला नव्हता.

पिंपळपान:
सोने ही सोमाली बायकांची जुनी ‘परंपरा’च असल्यासारखे सगळे जण बोलत आहेत, म्हणून लिहिणे भाग आहे. उंटांमागे फिरणाऱ्या सोमाली बायकांचे जुने दागिने चांदीचे आणि अंबराच्या, म्हणजे पिवळ्या राळेच्या, मोठ्या मण्यांचे होते. सोने होते ते किनाऱ्यावर, मोगादिशू, मेर्का, ब्रावा अशा व्यापारी शहरांत. ते सर्वदूर पोहोचायला 1970 च्या दशकापासून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या पुरुषांचा पैसा आणि दुबईचा बाजार यांचा मोठा हातभार लागला. भारताचा संबंध शोधायचाच असेल तर तो रुपयात आहे. येमेनच्या किनाऱ्यावरच्या एडनचा कारभार एके काळी मुंबईहून चाले आणि समुद्रापलीकडे समोरच असलेल्या ब्रिटिश सोमालीलँडमध्ये 1940 च्या सुमारापर्यंत आपलाच रुपया चालत असे. माझ्या आजीच्या चांदीच्या वाक्या काकाने मोडून सोन्याची चेन केली आणि घराण्याची परंपरा म्हणून लग्नात मिरवली, तेव्हापासून या शब्दाची मला अॅलर्जी आहे.

करडई:
आपल्या काकांचा राग सोमाली बायकांवर कशाला? मेहर चांदीत असो की सोन्यात, ते बाईचे असते हा मुद्दा आहे.

पिंपळपान:
राग नाही, इतिहास सांगितला. तो आपल्या पासबुकाच्या उपमेत बसत नसेल तर उपमा बदला. मुद्दा समजून न घेता टोमणे मारायचे असतील तर मी पुढे लिहिणार नाही.

(तरीही लिहितो: चांदी मोडून सोने घेतले गेले तेव्हा जुने कारागीरही मागे पडले आणि दागिना तयार माल झाला. हे नुकसान काट्यावर दिसत नाही.)

सांजवात:
पिंपळपान, चांदीचे दुःख समजले, आता बाईकडे वळू या. करडई, ‘तिचे एकटीचे’ हे शब्द मला पचत नाहीत. मेहर पुष्कळदा निकाहाच्या वेळी कबूल होते आणि हातात कधीच पडत नाही. बाईने स्वतःहून काडीमोड मागितला तर मिळालेलेही बहुधा परत करावे लागते. आणि हातात राहिलेच, तर ते पहिल्या संकटात कोणासाठी मोडले जाते?

कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षे हर्गेसाची एक विद्यार्थिनी राहत होती. तिचा एकोणीस वर्षांचा भाऊ घरी न सांगता ‘तहरीब’ला, म्हणजे युरोप गाठायला चोरवाटेने निघाला आणि लिबियात अडकला. या वाटेने नेणारे दलाल निघताना पैसे मागत नाहीत. मुलगा ताब्यात आला की आईला फोन करतात. अशा माणसाला तिकडे ‘मगाफे’ म्हणतात, ज्याचा नेम चुकत नाही तो. तिच्या आईने एका आठवड्यात सगळे सोने विकले. आधी व्हिडिओ कॉलवर आई हातवारे करून बोलू लागली की बांगड्यांचा आवाज आमच्या जिन्यापर्यंत येत असे. नंतर आवाज आला नाही, म्हणून मी विचारले आणि मला हे कळले. या पासबुकावर सही आईची, पण पैसे काढतो दुसराच.

करडई:
हे वाचून गप्प बसले होते. तरीही म्हणेन की, विकायला काही होते म्हणून निदान सौदा करता आला. सोमाली यूथ लीग या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या काळात, 1940 च्या दशकात, बायकांनी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी दागिने विकले ते त्यांच्या हातात होते म्हणूनच. मात्र ‘एकटीचे’ हा शब्द मागे घेते. ‘तिच्या नावाचे’ म्हणा.

सांजवात:
मोठी कृपा झाली. चळवळीला दिले, मुलाला दिले, भाड्याला दिले; तिने ते स्वतःसाठी मोडल्याचे एक तरी उदाहरण या धाग्यात आले का?

नैरोबीकर:
आले नाही, कारण मी सांगितले नव्हते. त्या गाळेवाल्या बाईंनी पहिला गाळा घेतला तो मेहरच्या हारावर, नवऱ्याला न विचारता. तो अजून रुसलेला आहे.

वाटसरू:
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मालमत्ता ही मालमत्ताच, या मतात फरक पडलेला नाही. मात्र त्या बांगड्या खऱ्या होत्या की मुलाम्याच्या हे मी सांगू शकत नाही, हे मान्य करतो, आणि न तपासलेला आकडा ताळेबंदात घेतल्याबद्दल करडईताईंनी मला जे काय म्हणायचे ते म्हणावे. नैरोबीकर, एक विचारतो: लांबून पाहून खरे आणि मुलाम्याचे ओळखता येते का?

नैरोबीकर:
मला येत नाही. बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, लांबून ओळखू येत असते तर आम्ही घातलेच नसते.