जगबुडीच्या बेतात माणसे एवढी का रमतात?

कोथरूडकर
हिंजवडीतील आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत एक विषय हमखास निघतो: सगळे जग कोलमडले तर कुठे जायचे? एक जण देवटाक्याच्या पाण्याच्या भरवशावर सिंहगड सुचवतो, दुसरा पद्मावती तळ्यासाठी राजगडाचा आग्रह धरतो आणि मग तांदूळ किती पोती, मीठ कोण आणणार, इथपर्यंत चर्चा रंगते. एरवी घरचा गॅस सिलिंडर नोंदवायलाही विसरणारी ही मंडळी या बेतात इतकी रमतात, याचे कारण काय असावे?

शनिवारपेठी
भीतीपोटी हे होत असेल असे वाटत नाही. घाबरलेला माणूस इतक्या चवीने बोलत नाही. गृहकर्जाचे हप्ते, वार्षिक मूल्यांकन, सोसायटीच्या सभेतील पार्किंगचा वाद, यांतले काहीच आपल्याला एका झटक्यात संपवता येत नाही. जगबुडीत ते सारे राजीनामा न देताच संपते आणि पाणी भरणे, चूल पेटवणे अशी संध्याकाळपर्यंत पुरी होणारी कामे तेवढी उरतात. शिवाय मेलेल्यांत स्वतःला कोणी धरत नाही!

मुठाकाठ
फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा प्रलयाच्या धास्तीने देशात ठिकठिकाणी यज्ञ झाले. त्या लोकांना प्रलय टळायला हवा होता. आजच्या बेतात तो टळला तर विरसच होईल. पुण्याने तर त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, 12 जुलै 1961 रोजी, पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटलेले पाहिले होते. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, नळ कोरडे पडले आणि विहिरीवर रांगा लावून, परक्यांच्या ओसरीवर पथारी टाकून लोकांनी दिवस काढले. बेतातल्या जगात शेजारी एक तर नसतो किंवा धान्य लुटायला आलेला असतो. पुरात मात्र त्याच्याच आधाराने निभावले.

गडवाट
हा केवळ पळपुटेपणा आहे, हे मला पटत नाही. कोविडकाळात अमेरिकेतील लोकांची पाहणी करून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जगबुडीचे चित्रपट आवडणाऱ्यांनी आपण त्या संकटासाठी अधिक सज्ज होतो असे सांगितल्याचे आढळले. ती सज्जता चित्रपटांमुळेच आली, हे त्यातून सिद्ध होत नाही; तरीही मनातल्या मनात तालीम करण्याची ओढ खरी असावी. फक्त ही तालीम धडधाकट माणसांचीच असते. माझ्या मेहुण्याचे इन्सुलिन राजगडावर थंड कसे ठेवायचे, हे अजून एकाही बेतात आलेले मी ऐकलेले नाही.